भाड्याचीं शिडें

‘भाड्याचें तट्टू’ हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार कोणाच्याही गौरवार्थ योजला जात नाहीं. भाड्याच्या घराविषयींची आपली म्हणही अशीच तुटक आहे. जी वस्तु पैसे टाकून चार दिवस वापरावयाची आणि पांचव्या दिवशीं परत करावयाची, तिच्यावर माया कोण करणार? तट्टाचा धनी दाणावैरण घालतांना हात आंखडतो आणि भाडेकरी टांच मारतांना मुळींच आंखडत नाहीं. अशा वस्तूस इतिहास असूं शकतो, हें तर कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. इतिहास राजाच्या घोड्याचा लिहिला जातो, तट्टाचा नव्हे. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या तट्टांची हकीगत सांगणार आहों तीं पाण्यावर चालणारीं आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक परगण्यांत गेल्या सुमारें दीडशें वर्षांत भाड्यानें दिल्या गेलेल्या शिडाच्या होड्या, त्यांच्या कुळाचा शोध आणि त्यांचा जीर्णोद्धार, हा आमचा विषय होय. विषय दूरचा खरा. परंतु तो अखेर ज्या प्रश्नाशीं येऊन ठेपतो तो आपल्यापासून मुळींच दूर नाहीं.

आमचा या होड्यांशीं परिचय प्रथम पुस्तकांतून झाला. आर्थर रॅन्सम या इंग्रज लेखकानें मुलांसाठीं लिहिलेल्या ‘कूट क्लब’ (१९३४) आणि ‘द बिग सिक्स’ (१९४०) या दोन कादंबऱ्या नॉरफोकच्या नद्यांवर घडतात. पहिलींत एक वृद्ध बाई ‘टीझल’ नांवाची शिडाची होडी भाड्यानें घेऊन तींत राहतात, आणि मुलें त्या होडीचा कारभार पाहतात. वर्गांत कधींमधीं या पुस्तकाचा उल्लेख करतां करतां आमच्या मनांत सहज आलें, कीं टीझल कल्पित असली तरी तिच्यासारख्या होड्या तर खऱ्या होत्या. त्यांचें पुढें काय झालें? या सहज प्रश्नाच्या मागें लागून आम्हीं जें वाचलें आणि पुढें एकदां प्रत्यक्ष जाऊन जें पाहिलें, त्याचा हा सारांश आहे.

प्रथम स्थळवर्णन. ब्यूर, अँट, थर्न, येअर आणि वेव्हनी या संथ नद्या नॉरफोक व सफोक या परगण्यांच्या सपाट भूमींतून वाहतात, आणि त्यांच्या कांठानें उथळ तलाव पसरले आहेत. या तलावांस तेथील लोक ‘ब्रॉड’ म्हणतात. नद्या व तलाव मिळून सुमारें दोनशें किलोमीटरांचा जलमार्ग होतो आणि त्यांत एकही बंधारा-दरवाजा आडवा येत नाहीं. हे तलाव निसर्गानेंच घडविले आहेत, असें विद्वान् लोकही दीर्घकाळ समजत असत. परंतु जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तळाची मृत्तिका तपासून दाखवून दिलें, कीं ते मध्ययुगीन माणसांनीं खणलेले खड्डे आहेत. सरपण दुर्मिळ झालें तेव्हां लोकांनीं ‘पीट’ नांवाची, वाळवून जाळतां येणारी दलदलीची माती शतकानुशतकें खणून काढली. नॉर्विचच्या मठाच्या चुली तिच्यावर पेटत. पुढें समुद्राची पातळी वाढली, पुरानें खड्डे भरले आणि खाणींचे तलाव झाले. म्हणजे ज्या पाण्याच्या सौंदर्यासाठीं आज लोक दुरून येतात, तें मूळचें श्रमिकांच्या कुदळींचें काम होय. हा प्रदेशच असा आहे, कीं तेथें कामाच्या वस्तूचें कालांतरानें विलासाच्या वस्तूंत रूपांतर होतें. होड्यांचेंही तसेंच झालें.

या पाण्यावरील मूळचें कामकरी गलबत म्हणजे ‘व्हेरी’. रुंद, उथळ बुडाचें हें गलबत कोळसा, धान्य, लांकूड, बोरू असा माल वाहून नेई. त्याला एकच डोलकाठी आणि एकच प्रचंड शीड असे. तें टिकावें म्हणून डांबर व माशाचें तेल यांचा लेप देत, त्यामुळें तें काळेंकुट्ट दिसे. दोन माणसांत एवढें गलबत चाले, याचें रहस्य डोलकाठीच्या बुडाशीं होतें. तेथें शिशाचें मोठें वजन बसविलेलें असल्यामुळें ती काठी तराजूच्या दांडीप्रमाणें तोलली जाई, आणि पुलाखालून जातांना थोड्याशा बळानें आडवी पाडून पलीकडे पुन्हां उभी करतां येई. पॉटर हायम येथील मध्ययुगीन दगडी पुलाची कमान इतकी ठेंगणी आहे, कीं या युक्तीवांचून तेथून एकही शीड पलीकडे गेलें नसतें. डोलकाठी पाडण्याची हीच युक्ति पुढें भाड्याच्या होड्यांनीं वारशानें उचलली, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

१८४४ मध्यें नॉर्विच व यारमथ या शहरांमध्यें आगगाडी सुरू झाली आणि व्हेरीच्या मालवाहतुकीस ओहोटी लागली. परंतु ज्या आगगाडीनें तिचा धंदा हिरावला तिनेंच तिला नवें गिऱ्हाईक आणून दिलें. १८७४ मध्यें ब्यूर नदीवरील रॉक्सम गांवाला रेल्वे पोंचली आणि शहरांतील सुट्टीकरू मंडळी नदीकांठीं उतरूं लागली. क्रिस्टोफर डेव्हिस या ग्रंथकाराचीं या प्रदेशावरील पुस्तकें त्याच सुमारास प्रसिद्ध झालीं व त्यांनीं लोकांची उत्सुकता वाढविली. धोरणी मालकांनीं उन्हाळ्यापुरते व्हेरींतील मालाचे कप्पे धुऊन काढले, आंत बिछाने, मेजें, क्वचित् पियानोही ठेवला, आणि एक तांडेल व एक स्वयंपाकी यांसह सबंध गलबत आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें देण्यास आरंभ केला. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांना काळ्या शिडाचे डाग पडूं लागले, तेव्हां मालासाठीं नव्हे तर केवळ पाहुण्यांसाठीं पांढऱ्या शिडांचीं गलबतें बांधण्यांत आलीं. याच काळांत जॉन लॉइन्स या नॉर्विचच्या होडीकारानें लहान, खलाशाविनाही चालवितां येतील अशा होड्या भाड्यानें देण्याचा प्रघात पाडला. पुढें तो रॉक्समला जाऊन स्थायिक झाला, आणि या धंद्याचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचेंच नांव घेतलें जातें. १९०८ मध्यें ब्लेक यांची आडत निघाली. निरनिराळ्या मालकांच्या होड्यांची एकत्रित यादी छापून ती दरसाल सर्व इंग्लंडभर वांटली जाऊं लागली. श्रीमंतांचा षौक कारकून व शिक्षक यांच्या खिशाला परवडूं लागला तो अशा रीतीनें.

यानंतर १९३२ सालीं लडहॅम गांवीं पर्सी हंटर व त्यांचे दोन पुत्र यांनीं आपली गोदी स्थापन केली. दुसऱ्यांच्या होड्या विकत घेऊन भाड्यानें देण्यापेक्षां त्यांनीं स्वतःच होड्या बांधल्या. ओकच्या बरगड्यांवर महोगनीच्या फळ्या, वर रोगण, आंत दोनचार माणसांची निजण्याची सोय, आणि यंत्र मुळींच नाहीं. वारा पडला तर लांब काठी नदीच्या तळाशीं टेकून होडी ढकलावयाची. त्या काळींच यंत्राच्या होड्यांचा सुळसुळाट झाला होता. रॅन्समच्या कादंबरींतील दुष्ट मंडळीही भाड्याच्या यांत्रिक होडींतूनच गोंगाट करीत हिंडतात. परंतु हंटर पितापुत्रांनीं आपला हट्ट सोडला नाहीं. त्यांच्या एका होडीचें नांव ‘ललबाय’, म्हणजे अंगाई, असें आहे. १९८४ मध्यें ‘कूट क्लब’चें दूरचित्रवाणीवर नाट्यरूपांतर झालें तेव्हां टीझलची भूमिका या ललबायनेंच केली. आमच्या प्रश्नाचें एक उत्तर असें अनायासें मिळालें.

परंतु सगळ्याच होड्यांचें उत्तर इतक्या सहज मिळत नाहीं. आणि येथेंच संशोधनाचा खरा भाग सुरू होतो. ज्या नौकेला सरकार किंवा घराणें धनी लाभलें तिचा इतिहास कागदोपत्रीं तयारच असतो. आपल्या मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानी लांकडांतून बांधलेली आणि १८१७ मध्यें पाण्यांत लोटलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें जीर्णोद्धार होऊन उभी आहे. ती कोणीं बांधली, कोणत्या कामावर गेली, हें आरमाराच्या दप्तरांत सांपडतें. नॉरफोकमध्येंच कोलमन या धनाढ्य घराण्यांतील भगिनींनीं १९०५ मध्यें ‘हॅथॉर’ नांवाची व्हेरी विहारासाठीं बांधविली. त्यांचा भाऊ १८९७ मध्यें ईजिप्तमध्यें वारला. तेथें नाइल नदीवर ज्या नावेंत त्याचे अखेरचे दिवस गेले तिचेंच नांव त्यांनीं या व्हेरीला दिलें व आंतील लांकूडकाम मिसरी चिन्हांनीं सजविलें. त्यांपैकीं एथेल कोलमन या पुढें १९२३ मध्यें नॉर्विचच्या लॉर्ड मेयर झाल्या. ब्रिटनमध्यें हें पद मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. अशा होडीचें चरित्र कुटुंबाच्या चरित्रांतच गोंवलेलें असतें.

भाड्याच्या होडीला असें कुटुंब नाहीं. एका उन्हाळ्यांत पंधरावीस कुटुंबें तींत राहून जातात आणि त्यांपैकीं एकालाही ती आपली म्हणतां येत नाहीं. धंदा विकला गेला कीं नवा धनी तिचें नांव बदलतो. पुढें कोणी तींत यंत्र बसवितो, कोणी डोलकाठी काढून टाकून तिचें तरतें घर करतो. राष्ट्रीय नोंदवहीचीही तिला सहसा सांवली लाभत नाहीं. कारण ब्रिटनच्या ऐतिहासिक नौकांच्या राष्ट्रीय वहींत नांव लागण्यास नौका पन्नास वर्षांहून जुनी असून भागत नाहीं, ती तेहतीस फुटांहून लांबही असावी लागते, आणि भाड्याच्या कितीएक होड्या या मापांत बसत नाहींत. लहान होड्यांसाठीं कॉर्नवॉलच्या सागरी संग्रहालयानें निराळी नोंद ठेवली आहे, हें त्यांतल्या त्यांत समाधान.

मग शोध करणारा काय करतो? तो भाड्याच्या जुन्या छापील याद्या जमवितो. त्यांत होडीचें नांव, लांबी, निजण्याच्या जागा आणि आठवड्याचें भाडें दिलेलें असतें. जलमार्गाच्या पट्टीसाठीं होडीच्या अंगावर रंगविलेला क्रमांक तो पाहतो. कारण नांव बदलण्याची हौस प्रत्येक धन्याला असते, क्रमांक बदलण्याची नसते. आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे सुट्टीकरूंचे फोटो. कोणा अनोळखी कुटुंबानें आपल्या मुलांचा फोटो काढला. मुलांच्या मागें होडीच्या खिडक्या किती, त्या गोल कीं चौकोनी, सुकाणूं कसें, हें नकळत त्यांत आलें. ज्यांना होडी आपली म्हणतां आली नाहीं त्यांनींच तिचा इतिहास आपल्या घरच्या चित्रसंग्रहांत जपून ठेवला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

याहून विश्वसनीय दप्तर म्हणजे स्वतः होडीचें लांकूड. आम्ही नॉरफोकमध्यें गेलों असतां एका लहानशा खासगी छपरांत अशी एक होडी उलगडण्याचें काम पाहण्याचा योग आला. वृद्ध सुतार हातोडीच्या दांड्यानें एकेक फळी ठोकीत व कान देऊन ऐकत होता. चांगलें लांकूड खणखणीत वाजतें. कुजलेलें बद्द वाजतें. आमची समजूत अशी होती, कीं होडी पाण्याखालच्या भागांत प्रथम कुजत असेल. सुतारानें मान हलविली. बुडालेली फळी सतत ओली राहून पुष्कळ काळ टिकते. होडीचा नाश करितें तें वरून पडणारें पावसाचें पाणी. तें तक्तपोशीच्या सांध्यांतून झिरपतें, आणि जेथें वारा लागत नाहीं अशा कोपऱ्यांत मुरून बसतें. लोखंडी खिळे गंजून त्यांच्याभोंवतालचें लांकूड खातात, तें निराळेंच. बरगड्या मोडलेल्या असतील तर ओकच्या नव्या पट्ट्या वाफेच्या पेटींत, एक इंच जाडीस एक तास या ठोकळ प्रमाणानें, शिजवाव्या लागतात. आणि बाहेर काढल्यावर त्या निवण्याच्या आंत, अगदीं थोड्या क्षणांत, जागेवर वांकवून बसवाव्या लागतात. त्या वेळीं छपरांत कोणी बोलत नव्हतें.

दुपारीं मागच्या फळीवरचा रंग खरवडण्यांत येत होता. पांढऱ्याखालीं हिरवा, हिरव्याखालीं निळा, असे थर निघाले, आणि सर्वांच्या तळाशीं कोरलेल्या अक्षरांच्या खांचा दिसूं लागल्या. होडी ज्या नांवानें विकत घेतली होती तें हें नांव नव्हतें. धन्यानें जुनी यादी आणून बोटानें ओळ दाखविली. लांबी जुळली, खिडक्या जुळल्या. त्या गृहस्थाला आनंद झाला, परंतु सुतार गंभीरच राहिला. तो म्हणाला, “नांव सांपडलें हें उत्तम झालें, परंतु मीं माझें काम पुरें केलें म्हणजे जुन्यापैकीं कणा, चारदोन फळ्या आणि हें नांव एवढेंच उरेल. मग ती हीच होडी, असें म्हणाल काय?”

प्रश्न जुनाच आहे. ग्रीक लोकांनीं तो थीसियसच्या गलबतासंबंधानें विचारला होता. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु यवन राजा मिलिंद यास विचारतो, कीं तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे कोणता? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजाला कबूल करावें लागतें, कीं या सर्वांच्या जुळणीस व्यवहारांत दिलेलें ‘रथ’ हें नांव आहे. आम्हांस वाटतें, नागसेनाच्या उत्तराला होडीच्या बाबतींत एक पुस्ती जोडतां येईल. फळ्या बदलल्या, दोर बदलले, शिडें तर दर कांहीं वर्षांनीं बदलतातच; परंतु जी होडी बांधल्यापासून जें काम करीत आली तेंच काम आजही करीत आहे, तिचें एकपण तिच्या कामांत टिकून आहे. उलट, सर्व जुन्या फळ्या शाबूत ठेवून एखादी होडी दालनांत मांडली, तर तिचें लांकूड तेंच राहील, परंतु तें सुकून फटी पडतील. जुनी लांकडी होडी पाण्यांत राहिली तरच फळ्या फुगून सांधे मिटतात. संग्रहालयें हवींतच, त्यांच्यावांचून मापें व नमुने राहणार नाहींत. परंतु एकटें संग्रहालय होडीला वांचवूं शकत नाहीं.

याची साक्ष लडहॅमच्या गोदीनें दिली आहे. १९६८ मध्यें हंटर यांच्या होड्या नॉरफोकच्या परगणा-मंडळानें शाळेंतील मुलांना शीड हांकण्याचें शिक्षण देण्यासाठीं विकत घेतल्या. १९९५ च्या सुमारास मंडळाला तो भार नकोसा झाला व होड्या विक्रीस निघाल्या. त्या सुट्या सुट्या विकल्या गेल्या असत्या तर त्यांचें पुढें काय झालें असतें, याचें उत्तर इतर गोद्यांच्या होड्यांनीं आधींच देऊन ठेवलें होतें. परंतु ज्यांनीं लहानपणीं त्यांत धडे घेतले व ज्यांनीं सुट्ट्या घालविल्या, ते लोक पुढें आले; १९९६ मध्यें एक विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि ताफा एकसंध राहिला. त्या होड्या देवघरांत नेऊन ठेवण्यांत आल्या नाहींत. हिंवाळ्यांत छपराखालीं खरवडून रोगण द्यावयाचें आणि उन्हाळ्यांत भाड्यानें द्यावयाचें, हाच क्रम चालू राहिला. भाड्याच्या पैशांतून रोगण येतें, आणि रोगणाच्या कामांतून नवा सुतार शिकतो. व्हेरीचीही गोष्ट अशीच आहे. १८९८ मध्यें बांधलेली ‘ॲल्बियन’ १९४९ मध्यें स्थापन झालेल्या मंडळीनें वांचविली. १८९९ ची ‘मॉड’ तर नदीकांठ ढांसळूं नये म्हणून बुडवून ठेवलेली होती, ती वर काढून अनेक वर्षांच्या मेहनतीनें पुन्हां शिडाला लागली. दोघीही आज माणसें घेऊन नदींत हिंडतात, म्हणून आहेत.

आरंभीं आम्हीं म्हटलें, कीं भाड्याच्या वस्तूवर कोणी माया करीत नाहीं. तें आतां आम्हांस परत घेतलें पाहिजे. एका धन्याची माया तो धनी असेपर्यंतच पुरते. त्याचा मुलगा होडी विकून मोकळा होतो. भाडेकऱ्यांची माया प्रत्येकाची आठवड्यापुरती, परंतु ती हजारों घरांत विखुरलेली असते, आणि प्रसंग आला म्हणजे ती एकत्र होऊं शकते.

आतां थोडें घरचें. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत कोंकणच्या मचवा, पडाव आदि नावांची नोंद आहे. परंतु ती जातीची नोंद आहे, व्यक्तीची नव्हे. आमच्या आजोळीं खाडीवर असाच एक शिडाचा मचवा होता. उतारू, आंब्याच्या पेट्या, लग्नाचीं वऱ्हाडें, सारें तो भाड्यानें पलीकडे नेई. पुढें यंत्राची होडी आली आणि मचवा कांठावर ओढला गेला. दोन पावसाळे तो तेथें पडून होता. नंतर तांडेलानें तो मोडून लांकूड विकलें. थोडें आमच्या आजोळींही आलें व न्हाणीघराच्या बंबांत गेलें. खाऱ्या पाण्यानें मुरलेलें तें लांकूड जळतांना निळसर ज्वाळा उठत, आणि आम्ही मुलें ती गंमत पाहण्यासाठीं आंघोळीच्या आधीं बंबापाशीं जाऊन बसत असूं.

त्या मचव्याचें नांव काय होतें, हें आम्हीं अलीकडे गांवांतल्या वृद्धांना विचारून पाहिलें. नाळेवर कांहीं तरी लिहिलेलें असे, एवढें दोघांना आठवतें. काय लिहिलेलें असे, तें कोणालाच आठवत नाहीं. आमच्या घरीं त्याचा एक फोटो निघाला. त्यांत पुढें आमची आई व मावशी उभ्या आहेत आणि मागें त्याचें अर्धें शीड दिसतें. कोणाच्या घरीं उरलेलें अर्धें असेल, तर त्यांनीं तें फेंकून देऊं नये, एवढीच विनंती.